रिकाम्या चढाईचे किती गुण?



मागच्या रविवारी आमच्याकडे एका सौद्यापायी वरण-भात गार झाला. सौदा जमिनीचा नव्हता की गाडीचा नव्हता. माझा धाकटा भाऊ पुणेरी पलटणची अख्खी बचावफळी पुण्याच्या आत्येभावाला देऊन टाकायला निघाला होता आणि बदल्यात एक चढाईपटू मागत होता. फोन स्पीकरवर, ताटं वाढलेली. आजी म्हणाली, "देऊ नकोस रे." आई म्हणाली, "आधी जेवा." आणि बाबा, जे या भानगडीत कधीच नसतात, त्यांनी घास हातात धरून विचारलं, "पण ही बचावफळी तुमची झाली कधी? आणि तिची किंमत ठरवली कोणी?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. दुसऱ्यानं मला आठवडाभर पिडलंय. या सदरात मी एरवी डबा, भाडेकरू, लग्नाची स्थळं असलं काहीबाही लिहिते, आज कबड्डी. कबड्डीत रस नसेल तरी थांबा, कारण गोष्ट घरातलीच आहे.

सुरुवात गेल्या वर्षीच्या ऑगस्टपासून करावी लागेल. त्याआधीची दोन वर्षं धाकटा मोबाइलवर पैसे लावून टीम लावायचा. क्रिकेट असेल तर क्रिकेट, कबड्डी असेल तर कबड्डी. संध्याकाळी साडेसातला टीम लावायची, साडेदहाला मोबाइल उशीवर पालथा घालायचा. ज्या रात्री तो हसत जेवायला यायचा त्या रात्रींची आम्हाला जास्त काळजी वाटायला हवी होती, हे आता कळतं. एका सेमिस्टरची फी भरलीच गेली नाही हे कॉलेजमधून बाबांना फोन आला तेव्हा समजलं. त्या संध्याकाळबद्दल मी लिहिणार नाही. आवाज कोणी चढवला नाही एवढं सांगते, आणि तेच जास्त वाईट होतं.

मग २० ऑगस्ट २०२५ला लोकसभेत आणि २१ला राज्यसभेत ऑनलाइन गेमिंगचं विधेयक मंजूर झालं, २२ला राष्ट्रपतींची सही झाली. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद, मग त्याला कौशल्य म्हणा नाहीतर नशीब. शिक्षा खेळणाऱ्याला नाही, खेळवणाऱ्याला आणि जाहिरात करणाऱ्याला. त्याच आठवड्यात मोठ्या ॲप्सनी पैशांच्या स्पर्धा थांबवल्या. आईनं देवापुढे साखर ठेवली. पण धाकट्याचं काय, तो रात्री साडेसातला नुसताच घरात फिरायला लागला. स्वयंपाकघरात यायचा, फ्रिज उघडायचा, बंद करायचा. सवय कायद्यानं बंद होत नाही ना.

यातून वाट काढली न्यू जर्सीच्या मामेदादानं. तो तिथे ऑफिसातल्या अकरा जणांबरोबर बरीच वर्षं एक फॅंटसी लीग खेळतोय. अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात तो, म्हणजे हेल्मेट घालून अंड्यासारखा चेंडू काखोटीला मारून पळतात तो. हे फॅंटसीचं खूळ तिकडे मोबाइलच्या कितीतरी आधीचं. ऑकलंड रेडर्स या संघाचे एक भागीदार बिल विंकेनबाख यांनी १९६२मध्ये न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात मित्रांबरोबर बसून नियम लिहून काढले आणि पुढच्या वर्षापासून कागदावर हिशेब ठेवून खेळायला लागले. दादाची लीग ज्या प्रकारची आहे त्याला तिकडे 'डायनेस्टी' म्हणतात, म्हणजे घराणेशाहीच! साध्या लीगमध्ये हंगाम संपला की पाटी कोरी. डायनेस्टीत तुमचे खेळाडू वर्षानुवर्षं तुमचेच. विकायचे तर अदलाबदली करा, वाट बघायची तर बघा. वीस वर्षांचं पोर आज बाकावर बसलंय, पण चार वर्षांनी चमकेल म्हणून सांभाळायचं.

"याला रोज रात्री टीम लावायची सवय आहे ना?" दादा मला म्हणाला. "मग याला असा खेळ दे, ज्यात रोज काही करताच येत नाही."

गणपती बसले २७ ऑगस्टला आणि प्रो कबड्डीचा बारावा हंगाम सुरू होणार होता २९ला. २८च्या रात्री आठ वाजता, न्यू जर्सीत सकाळी साडेदहा, आम्ही व्हिडिओ कॉलवर बसलो. सहा संघ : धाकटा, पुण्याचा आत्येभाऊ, नागपूरची मावशी, इंदूरची चुलतबहीण, मामेदादा, आणि आजी व मी मिळून एक. आजी अमरावतीची, लहानपणी हुतूतू खेळलेली. घरात पोरांना खेळातलं काय कळतं याबद्दल तिचं मत फार चांगलं नाही. पैसे अजिबात नाहीत. हरणाऱ्यानं जिंकणाऱ्याला कमानिया गेटजवळची खोव्याची जिलबी खिलवायची, परगावचा असेल तर जबलपूरला येऊन. प्रत्येकाला तीन चढाईपटू निवडायचे, ते कायमचे. आणि एका संघाची पूर्ण बचावफळी एकच वस्तू म्हणून घ्यायची. एकटा फझल नाही किंवा एकटा शादलुई नाही, तर सगळीच्या सगळी फळी.

ही 'पूर्ण फळी एक वस्तू' कल्पना दादाच्या लीगमधली. तिथेही बहुतेक ठिकाणी हल्ला करणारे खेळाडू एकेक निवडतात आणि बचाव मात्र अख्ख्या संघाचा मिळून घेतात. समोरच्या क्वार्टरबॅकला चेंडू हातात असतानाच पाडलं की १ गुण, फेकलेला चेंडू हवेत पळवला की २, निसटलेला चेंडू उचलला की २, तो घेऊन पार टोकाला पोहोचलं की ६. समोरच्याला एकही गुण करू दिला नाही तर वर १० बक्षीस.

आणि गंमत म्हणजे डायनेस्टी खेळणारे जुने लोक या बचावफळ्यांना विचारतही नाहीत. दादा तर म्हणाला, "शेवटी घ्या. मेथीच्या जुडीसारखी घ्या. आज ही नाही तर ती."

त्याचं कारण त्यानं एका आकड्यात सांगितलं. एनएफएलमध्ये संघ ३२. त्याच्या लीगमध्ये मालक १२, प्रत्येकाला एकच फळी लागते. म्हणजे २० फळ्या कायम शेल्फवर पडून. या आठवड्यात तुमच्या फळीसमोर तगडा संघ आला तर तिला ठेवून द्या, ज्या फळीसमोर लिंबूटिंबू संघ आहे ती उचला. दुकानात माल भरपूर असताना आजच जास्त भाव कोण देईल?

दुसरं कारण मला जास्त पटलं. बचावाचे गुण पुढच्या वर्षी तसेच येत नाहीत. जॅक्सनव्हिल जॅग्वार्सनी २०१७मध्ये समोरच्या क्वार्टरबॅकना ५५ वेळा पाडलं. लोकांनी दुसऱ्या वर्षी उड्या मारून ती फळी घेतली. २०१८मध्ये आकडा आला ३७ आणि संघ ११ सामने हरला. शिकागो बेअर्सनी २०१८मध्ये ३६ वेळा चेंडू हिसकावला होता. मग बचावाचे प्रशिक्षक विक फॅंजिओ दुसऱ्या संघात गेले, आणि २०१९मध्ये तोच आकडा १९. त्यात नशीबही असतं. अंड्याच्या आकाराचा चेंडू जमिनीवर पडला की कुठे उडेल हे त्याला स्वतःलाही माहीत नसतं. तो आपल्याच माणसाच्या हातात आला तर यंदा आपण वाघ.

अपवाद आहेत. सिएटल सीहॉक्सनी २०१२ ते २०१५ अशी सलग ४ वर्षं सगळ्या लीगमध्ये सगळ्यात कमी गुण दिले. मधे फेब्रुवारी २०१४च्या अंतिम सामन्यात त्यांनी डेनव्हरला ४३-८ असं चिरडलं, आणि हे तेच डेनव्हर ज्यांनी त्या हंगामात ६०६ गुण करून विक्रम केला होता. पण असा अपवाद दहा वर्षांत एखादा. दादाचं म्हणणं एवढंच की अपवादाच्या आशेवर भाव देऊ नये.

त्या रात्री आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या आणि बचावफळ्या शेवटी घेतल्या. आमच्याकडे तर हिशेब अजून सोपा, प्रो कबड्डीत संघ १२ आणि मालक सहा. सहा फळ्या शेल्फवर. आजी मात्र पुटपुटत होती, "कबड्डीत पकड शेवटी घेतात होय?" धाकट्याला उरलीसुरली म्हणून पुणेरी पलटण मिळाली. का उरली? कारण अकराव्या हंगामात पलटण प्ले-ऑफमध्येसुद्धा पोहोचली नव्हती. गेल्या वर्षीच्या आकड्यांवरून भाव ठरवायचा नाही हे पाच मिनिटांपूर्वी ऐकून आम्ही सगळ्यांनी तेच केलं होतं.

खरी भांडणं सुरू झाली ती पहिल्या आठवड्यात, गुण मोजताना. आमचा नियम साधा होता : पकडीला १, अव्वल पकडीला २. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, मैदानात तीन किंवा त्याहून कमी बचावपटू उरले असताना चढाईपटूला पकडलं तर ती अव्वल पकड, टीव्हीवर सुपर टॅकल म्हणतात ती. आता बघा काय होतं. चांगल्या फळीचे सातपैकी सहा गडी बहुतेक वेळ मैदानात. तिला अव्वल पकडीची वेळच येत नाही. जी फळी मार खातेय, तिचे दोनतीनच गडी शिल्लक, ती एखादी पकड करते आणि आमच्या वहीत दुप्पट गुण घेऊन जाते.

आजीनं चष्मा वर केला. "हरणाऱ्यांना बक्षीस देताय का तुम्ही?"

आणि मग तिनं ते विचारलं, ज्यावरून या लेखाचं नाव आहे. "तो आला, फिरला, कोणाला हात लावू शकला नाही, गेला. त्याचे किती गुण?"

शून्य. ती रिकामी चढाई. दोन्ही संघांना काही नाही. गुणफलकावर तिचा मागमूस राहत नाही. पण तो हात का लावू शकला नाही? कारण डावा कोपरा वेळेवर मागे सरला, कव्हरनं अर्धं पाऊल पुढे टाकून त्याला आत येऊ दिलं नाही, साखळी तुटली नाही. बोनस रेषेवरचा पाय आत जाऊ दिला नाही. सहा-सात माणसांनी तीस सेकंद काम केलं आणि निकाल काय, तर काही घडलं नाही. शिवाय सलग दोन रिकाम्या चढाया झाल्या की त्या संघाची तिसरी चढाई 'करा किंवा मरा'. त्यात गुण आणला नाही तर चढाईपटू बाद. म्हणजे त्या दोन रिकाम्या चढायांनीच तिसऱ्या पकडीची जमीन नांगरलेली असते, आणि आपण गुण देतो फक्त शेवटी पाय धरणाऱ्याला.

हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण मी कधी मोजलं नव्हतं. (आईनं हे ऐकून फक्त "हं" केलं. तिच्या त्या 'हं'वर एक वेगळा लेख होईल.)

तर दुसऱ्या आठवड्यापासून नियम बदलला. अव्वल पकडीलाही साध्या पकडीसारखा १च गुण. समोरच्याच्या दर दोन रिकाम्या चढायांना १ गुण. आणि लोण बसला, म्हणजे सगळा संघ बाद झाला, तर वजा ३. आजी पेन्सिल घेऊन टीव्हीसमोर बसायला लागली. चार उभ्या रेघा, पाचवी आडवी. एका सामन्यात ऐंशीच्या घरात चढाया होतात, त्यामुळे मध्ये कोणी चहा विचारलेला चालत नाही.

मामेदादानं यात खोट काढली आणि ती बरोबर होती. पुढे असलेला संघ शेवटी शेवटी मुद्दाम वेळ काढतो. चढाईपटू रेषेपाशी घोटाळतो, निदान रेषा ओलांडून परत येतो, त्याला गुण नकोच असतो. ती रिकामी चढाई बचावाची कमाई कशी म्हणायची? म्हणून शेवटच्या तीन मिनिटांतल्या रिकाम्या चढाया आम्ही मोजत नाही. यावरून इंदूरच्या बहिणीनं चार दिवस ग्रुपवर अबोला धरला होता, कारण त्यात तिचे गुण गेले. असो.

आता मोल कसं ठरवायचं त्याकडे येते. मी जुने हंगाम चाळले. धाकट्याला रात्री साडेसातनंतर काहीतरी हवंच असतं, तोही बसला. आणि आम्हाला एक जुनी गोष्ट सापडली जी मराठी घरात सांगायलाच हवी, कारण ती आपल्या यू मुंबाची आहे.

२०१४ला लीग सुरू झाली. पहिल्या तिन्ही हंगामांत यू मुंबा अंतिम फेरीत, २०१५चं विजेतेपदही त्यांचंच. त्या संघाची फळी आठवते का? डाव्या कोपऱ्यात सुरेंदर नाडा, उजव्या कोपऱ्यात मोहित छिल्लर, मधे विशाल माने आणि जीवा कुमार. मग २०१६च्या मध्यावर चौथ्या हंगामाचा लिलाव झाला. मोहित छिल्लर ५३ लाखांना बेंगळुरू बुल्सकडे गेला. त्या लिलावातली सगळ्यात मोठी बोली, आणि तीही बचावपटूवर! नाडाही बेंगळुरूलाच. म्हणजे दोन्ही कोपरे जोडीनं गेले. मुंबईचं काय झालं? उपांत्य फेरी हुकली. आणि बेंगळुरूचं? त्यांचीही हुकली.

धाकटा म्हणाला, "ताई, म्हणजे पैसे पाण्यात." मला तसं वाटत नाही. ते दोघं खराब खेळाडू झाले नव्हते. पण कोपऱ्यातला माणूस घोटा धरतो तेव्हा तो चढाईपटू त्या कोपऱ्यात का आला हे बघावं लागतं. बरेचदा कव्हरनं दुसरी वाट बंद केलेली असते. कोण कधी उडी मारणार हे एकमेकांच्या खांद्याच्या हालचालीवरून कळायला हंगाम लागतात. ती ओळख लिलावात कोणाच्या नावावर चढत नाही, म्हणून तिला भावही मिळत नाही. जोडी जरी उचलून नेली तरी चौघांतली दोनच माणसं आली.

त्याच गोष्टीचं शेपूट अजून गोड आहे. नाडा डाव्या कोपऱ्यात असताना यू मुंबाकडे त्याच जागेवरचा एक इराणी पोरगा होता, त्याला फारशी संधीच मिळत नव्हती. २०१६मध्ये तो पाटणा पायरेट्सकडे गेला, हंगामातला सर्वोत्तम बचावपटू ठरला आणि पाटणा जिंकलं. फझल अत्राचली. २०१८मध्ये यू मुंबानंच त्याला १ कोटी देऊन परत आणलं. डायनेस्टी खेळणाऱ्या कोणालाही हे ऐकून पोटात गोळा येईल. बाकावरचा सांभाळला असता तर?

फझलच्या पुढच्या किमती बघण्यासारख्या आहेत. २०२२ला पुणेरी पलटणनं १ कोटी ३८ लाख दिले, २०२३ला गुजरातनं १ कोटी ६० लाख. २०२४ला बंगालनं ५० लाख. २०२५ला दबंग दिल्लीला तो त्याहूनही कमी भावात मिळाला. पाचशेहून जास्त पकडगुण नावावर असलेला, लीगमधला पहिला माणूस. तेव्हा वय ३३. आमच्या लीगमध्ये दिल्लीची फळी नागपूरच्या मावशीनं घेतली होती, "मला फझलचं हसू आवडतं" या कारणासाठी. ३१ ऑक्टोबरला दिल्लीनं पलटणला ३१-२८ असं हरवून विजेतेपद मिळवलं. मावशीला जिलबी मिळाली. कारण काहीही असो, निवड बरोबर होती.

आणि शादलुई. मोहम्मदरेझा शादलुईला दहाव्या हंगामासाठी पलटणनं २ कोटी ३५ लाखांना घेतलं आणि पलटण जिंकली, अंतिम सामन्यात हरयाणा स्टीलर्सवर २८-२५. पुढच्या हंगामात त्याच हरयाणानं त्याला २ कोटी ७ लाखांना उचललं आणि हरयाणा जिंकली. दोन वर्षं, दोन संघ, दोन विजेतेपदं. मग इंदूरच्या बहिणीनं काय करावं? बाराव्या हंगामात तो २ कोटी २३ लाखांना गुजरातकडे गेल्यावर तिनं डोळे झाकून गुजरातची फळी घेतली. गुजरात पहिल्या आठांतही आली नाही.

या तीन वर्षांकडे नीट बघितलं की दिसतं, की शादलुई ज्या दोन घरांत जिंकला तिथे घर आधीच मांडलेलं होतं. पलटणकडे गौरव खत्री होता, अबिनेश नादराजन होता. हरयाणाकडे जयदीप दहिया, मोहित नंदाल, राहुल सेतपाल ही मंडळी त्याच्या आधीच्या हंगामातही एकत्र होती आणि अंतिम फेरीपर्यंत जाऊन आलेली होती. तो आला आणि त्यानं शेवटची वीट बसवली. वीट सोन्याची होती यात शंका नाही.

म्हणून आमच्या वहीच्या शेवटच्या पानावर धाकट्यानं आता भाव लावायची स्वतःची रीत लिहिलीय. गेल्या वर्षीचे गुण तो बघतच नाही. आधी बघतो चौघांतले किती जण संघानं राखले. प्रो कबड्डीत दर हंगामाआधी संघ कोणाला ठेवलं त्याची यादी जाहीर करतात, ती त्याच्यासाठी आता दहावीच्या निकालासारखी झालीय. तिघं राहिले तर फळी ठेवायची, दोघंच राहिले तर विकायची, एकच राहिला तर शेल्फवरची दुसरी उचलायची. कव्हरची जोडी राहिली असेल तर अर्धा गुण जास्त, कारण कोपऱ्यातल्या माणसाचं नाव होतं आणि कव्हरच्या माणसाचं काम. मग वय. आणि मग प्रशिक्षक, पण त्याबाबतीत तो आता साशंक आहे. पलटणचा प्रशिक्षक बाराव्या हंगामात बदलला, नवे आले अजय ठाकूर, जे स्वतः आयुष्यभर चढाईपटू होते, तरी संघ साखळीत अव्वल आला. बेअर्सचा नियम इथे लागला नाही.

यातलं सगळं बरोबरच आहे असं नाही. चढाईपटूंपुढे बचावफळीचा भाव कमीच राहणार, सहा फळ्या शेल्फवर असताना कोणी वेड्यासारखं काही देऊ नये, हे दादाचं म्हणणं मी अजून मानते. पण जी फळी एकत्र राहतेय ती मेथीची जुडी नाही.

आता परत त्या रविवारकडे. आत्येभाऊ फोनवर होता. धाकट्याचं म्हणणं : पलटण अंतिम फेरीत गेली, आज तिचा भाव शिगेला आहे, पुढच्या लिलावात फुटली तर चार आणेही मिळणार नाहीत, म्हणून आज विका. डायनेस्टीचा हा पहिला धडा आहे आणि तो त्यानं नीट शिकलाय. आजीचं म्हणणं : फुटली तर फुटली, अजून फुटलेली नाही. आत्येभाऊ चतुर, तो म्हणाला, "आज रात्री बारापर्यंत सांग, नाहीतर ऑफर संपली."

हे वाक्य ऐकलं आणि मी ताटातून मान वर केली. आईनंही केली. 'आज रात्रीपर्यंत' हे शब्द आमच्या घरात दोन वर्षं रोज वाजायचे. आत्येभावाच्या मनात तसं काही नव्हतं, त्याला काही माहीतही नाही. पण धाकट्याचा अंगठा फोनच्या कडेवर घासायला लागला होता, आणि ती खूण आम्ही दोघी ओळखतो.

कोणी काही बोललं नाही. बाबांनी वरण पुढे सरकवलं.

"यादी येऊ दे," धाकटा शेवटी म्हणाला. "गौरव आणि अबिनेश दोघंही राहिले तर देणार नाही. एक जरी गेला तर तू मागशील तो चढाईपटू तुझ्याकडेच ठेव, मी फळी अशीच देतो."

"अरे, तेव्हा कोण घेईल?"

"मग नको घेऊस."

फोन ठेवल्यावर त्यानं वही काढली, पलटणच्या पानावर पेन्सिलीनं लिहिलं, 'यादी येईपर्यंत थांबणे', आणि आजीकडे सरकवली. आजीनं त्याखाली एक उभी रेघ मारली. रिकाम्या चढाईची. मग दोघं गार वरण-भात जेवले, आणि तो आईनं गरम करून देऊ केला तरी नको म्हणाले.